एका विहिरीवर तीन हुकूमदार

माझ्या व्यवसायाविषयी लोकांचा पहिला गैरसमज असा की, अर्जलेखक म्हणजे ज्याला लिहिता येते असा मनुष्य. लिहिता आज कोणालाही येते. कोणापुढे किती वाकावे हे ज्याला कळते, तो अर्जलेखक. कचेरीच्या फाटकाबाहेर, चिंचेच्या झाडाखाली, एक टेबल, एक टंकलेखन यंत्र आणि कार्बन कागदांचा गठ्ठा एवढ्या भांडवलावर मी अर्धे आयुष्य काढले. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे त्या फाटकाने पूर्ण केले. तरीही पदवीधर माणसे माझ्यासमोर स्टुलावर बसून "मग आता पुढं काय लिहायचं?" असे विचारतात, तेव्हा विद्यापीठाची मला फारशी उणीव भासत नाही.

बाहेरच्या वाचकासाठी अर्जाची घडण थोडक्यात सांगतो. मागणी एका ओळीची असते. उरलेले पान हे समोरच्याला सिंहासनावर बसविण्यासाठी असते, कारण उभ्या असलेल्या माणसाचे पाय नीट धरता येत नाहीत. हे सर्वांनाच पटते असे नाही. शनिवार पेठेतील एक निवृत्त गृहस्थ शेजारणीच्या वाळवणाविरुद्ध तक्रार घेऊन आले होते. मी 'नम्र विनंती' असे टंकताच त्यांनी माझा हात धरला.

"नम्र काढा. मी नम्र नाही."

"मग नुसती विनंती ठेवतो."

"विनंतीही नको. कळवतोय, एवढंच लिहा. आणि 'आपला' असं शेवटी घालू नका. मी त्यांचा नाही."

उलट वाघोलीचे सोपानराव. म्हैस आजारी पडली तरी अर्ज, म्हैस बरी झाली तरी अर्ज. कागद लिहून झाला की ते तो उलटा धरून सबंध न्याहाळत आणि म्हणत, "वजनदार झालाय. आता ह्येला कोन न्हाई म्हनतंय बघू."

या वजनाचे रहस्य माझ्या समारोपात होते. ते वाक्य मी उमेदीच्या काळात तीन दिवस खपून घडविले होते. 'सदर कामी आपण द्याल त्या आदेशाप्रमाणे पुढील सर्व कार्यवाही करण्याची तजवीज ठेवली आहे.' वाचणारा साहेब खुर्चीत दोन बोटे उंच होतो. माझ्या शेजारचे अर्जलेखकही ते वाक्य चोरून वापरू लागले, आणि मी ते उदार मनाने चालू दिले. अशा या वाक्याने एकदा एक माणूस जवळजवळ मारला होता. ती हकिकत सांगण्यासाठीच हा सारा खटाटोप.

वाघोलीत तेव्हा इमारती नव्हत्या. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते होती आणि शेतांत विहिरी होत्या. सोपानरावांचा त्यांच्या चुलतभावाशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वाद चालला होता. त्यासाठी जागेवर जाऊन जबाब लिहायचा होता, आणि जबाबात 'पंप चालू स्थितीत आहे' असे वाक्य येणे अत्यावश्यक होते. पंप मात्र बंद होता. "इहिरीत उतरनारा मिस्त्री हाय का कुनी वळखीचा?" असे सोपानरावांनी विचारताच मी छाती ठोकून इस्माईल मिस्त्रींचे नाव सांगितले. नाना पेठेत त्यांचे मोटारी आणि पंप दुरुस्त करण्याचे दुकान होते. आम्ही वीस पावलांवर राहणारे, एकमेकांच्या घरचे सण खाल्लेले.

त्यांच्याच लूनावर मागे बसून, मांडीवर टंकयंत्र धरून, मी सकाळी तेथे पोहोचलो. मिस्त्रींनी विहिरीत डोकावून पाहिले. मध्यावर दोन लोखंडी गर्डर टाकून त्यांवर पंप बसविलेला होता.

"गर्डर गंजलेत, साहेब. आज नको. उद्या चांगला दोर घेऊन येतो, मग उतरतो."

"मिस्त्री, जबाब आजच्या तारखेचा हवा," मी म्हणालो. "कागद थांबत नाही."

"कागद नाही थांबत. गर्डर थांबेल का, ते बघा," असे म्हणून ते हसले आणि माझ्या शब्दाखातर उतरले. पाऊण तासाने गर्डर तुटला.

पंप खालच्या दगडी टप्प्यावर कोसळला आणि मिस्त्रींचा डावा पाय त्याखाली अडकला. माणूस जिवंत होता, शुद्धीवर होता. पण पंप बंद असल्याने उपसा नव्हता आणि झऱ्याचे पाणी चढतच होते. बसल्या जागी ते त्यांच्या कमरेला लागत होते. वरची दगडी बांधणीही एका बाजूने सुटली होती. मी काठावरून ओरडलो, "मिस्त्री, धीर धरा!" खालून आवाज आला, "जागा गार आहे! पंख्याची गरज नाही!" जमलेली माणसे हसली. मला हसता आले नाही, कारण त्यांना खाली मी पाठवले होते.

सरपंचांनी दूरध्वनी केला आणि शहरातून अग्निशमन दलाची गाडी आली. वाघोली तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होती. पण गाडीवरचे अधिकारी निंबाळकर हे हद्द परत जाताना पाहणाऱ्यांपैकी होते. त्यांनी विहिरीभोवती एक फेरी मारली, कोणाशीही न बोलता. मग म्हणाले, "माझ्याकडे शिडी आहे, दोर आहे, माणसं आहेत. पण हा पंप उचलायला क्रेन लागेल, पाणी उपसायला मोठा पंप लागेल, आणि या सुटलेल्या दगडांवरून उतरायला डोंगर चढणारा माणूस लागेल. बाहेरून बोलवावं लागणार."

बाहेरची माणसे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले. जेथे संकट असते तेथे एक मुख्य माणूस असतो, आणि त्याच्याजवळ जे नसते ते घेऊन इतर येतात. ते त्याचे नोकर नसतात. त्यांना त्यांचे स्वतःचे साहेब असतात, आणि संध्याकाळी त्या साहेबाला उत्तर द्यायचे असते.

नगर रस्त्याच्या रुंदीकरणावर उभी असलेली क्रेन घेऊन बाबूराव आले. उतरण्यापूर्वीच म्हणाले, "क्रेन लावतो की. पन मालक इचारंल, कुनाच्या सांगन्यावरनं नेली? कागुद द्या." शनिवार पेठेतून दोन स्कूटरींवर दोर, कड्या आणि साथीदार घेऊन नीलिमा लेले आल्या. पेशाने बँकेत, छंदाने डोंगरकड्यांवर. त्या म्हणाल्या, "बँकेतून निघताना 'विहिरीत उतरायला जाते' असं सांगितलंय. साहेबांना ती थाप वाटली. तेव्हा लेखी असेल तर बरं." खडकवासल्याच्या कालव्याच्या कामावरून पाणी उपसण्याचा पंप ट्रकवर घालून इंजिनिअर कुलकर्णी आले. त्यांनी तर गाडीतूनच हात पुढे केला. "लेखी मागणी. त्याशिवाय पंप खाली उतरणार नाही. माझी इच्छा असली तरी नाही."

निंबाळकरांनी कपाळावर हात मारला. "आता इथं लिहिणारा कुठून आणू?"

वाचकहो, माणसाच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. मी टंकयंत्र उचलले आणि अग्निशमन गाडीच्या बॉनेटवर ठेवले. "मी आहे," असे म्हणालो. तीन अक्षरे, पण मी ती अशा थाटात उच्चारली की, दोन जवान बाजूला सरले. एका विहिरीवर क्रेनचा जाणकार, कड्यांची जाणकार, पाण्याचा जाणकार, आणि त्या पंक्तीत चौथा मी. माझा मित्र खाली पाण्यात होता, तरी लिहिताना मला आनंद होत होता, हे मी लपवीत नाही. बोटे यंत्रावर नाचत होती. तीन पत्रे, तीन प्रती, प्रत्येकी 'मा.', प्रत्येकी 'उपरोक्त विषयान्वये', आणि प्रत्येकाच्या शेवटी माझा समारोप. निंबाळकरांनी विहिरीवरची नजर न काढता तिन्हींवर सह्या केल्या.

मग त्यांनी सर्वांना एकत्र करून बेत सांगितला. आधी लेले उतरतील आणि मिस्त्रींना दोर बांधतील. मग पाणी हळूहळू उपसायचे. मग क्रेनने पंप किंचित उचलायचा. तिघांनी माना हलवल्या. निंबाळकर बघ्यांची गर्दी मागे हटवायला पलीकडच्या काठाला गेले.

इकडे तिघांनी आपापले पत्र वाचले.

पाणी चढताना पाहून बाबूरावांचा धीर सुटला. "आधी वझं काढू, मग काय दोर बांदायचा त्यो बांदा," असे म्हणून त्यांनी आकडा खाली सोडला. कुलकर्णींचा पंप त्याच वेळी घरघरू लागला. लेलेबाईंचा एक पाय काठावर आणि एक विहिरीत होता, त्या ओरडल्या, "अहो, आकडा कोणी सोडला? मी मधे आहे!"

"तुमी वर या, बाई. हुकूम माझ्याकडं हाय."

"तुमच्याकडे? आदेश मी द्यायचेत!"

"क्षमा करा," कुलकर्णी म्हणाले, "आदेश माझे आहेत. लेखी."

क्रेनचा आकडा झुलत बांधणीवर आदळला. एक दगड सुटला आणि खाली पाण्यात पडल्याचा मोठा आवाज आला. मग खालून मिस्त्रींचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक. "वर मालक फार झालेत! एखादा खाली पाठवा, इथं बसायला जागा आहे!"

निंबाळकर धावत आले. "बंद करा! सगळं बंद! कोणी सांगितलं सुरू करायला?"

तिघांनी एकाच वेळी तीन कागद पुढे केले. "तुम्हीच!"

त्यांनी एक कागद वाचला. दुसरा वाचला. तिसरा वाचण्याऐवजी माझ्याकडे पाहिले. "हे शेवटी काय आहे?"

"समारोप आहे, साहेब."

"याचा अर्थ काय?"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. त्या वाक्याला अर्थ आहे असे म्हणावे, तर तिघेही खरे ठरत होते आणि मिस्त्री बुडत होते. नाही म्हणावे, तर माझे काय उरत होते?

"काही नाही," मी म्हणालो. "त्याचा काहीही अर्थ नाही. ते वाक्य मी प्रत्येक कागदात घालतो. माझी चूक आहे."

"म्हशीच्या अर्जातबी त्येच व्हतं की वो!" सोपानराव मागून उद्गारले. "म्हंजी म्हशीच्या डाक्टरलाबी काय हुकूम नव्हता?"

गर्दी हसली. मला त्या विहिरीत उडी घ्यावीशी वाटली. पण तेथे आधीच अडचण होती.

बाबूराव खजील होऊन आकडा वर घेऊ लागले. कुलकर्णी मात्र कागदाची घडी घालत म्हणाले, "मला पटतंय. पण लेखी दिलेलं तोंडी कसं मागे घेता? उद्या मला विचारतील."

लेलेबाई कमरेचा दोर घट्ट करीत माझ्याकडे वळल्या. "अर्थ असलेलं वाक्य लिहायला तुम्हाला किती वेळ लागतो?"

"मी कधी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. ते खरेच होते.

"मी सांगतो, तुम्ही फक्त ठोका," निंबाळकर म्हणाले. त्यांनी सांगितलेला मजकूर मला आजही पाठ आहे. त्यात 'मा.' नव्हते, विषय नव्हता, विनंती नव्हती. विहिरीवर हुकूम निंबाळकर यांचा. लेले 'बांधला' म्हणेपर्यंत पंप बंद, क्रेन बंद. नंतर पंप हळू. नंतर क्रेन एक वीत, जास्त नाही. धोका दिसेल त्याने 'थांबा' म्हणावे. थांबवण्याचा अधिकार सर्वांना, सुरू करण्याचा एकाला. माझा हात थबकला. इतक्या वर्षांत इतके सुंदर वाक्य माझ्या यंत्रातून उतरले नव्हते, आणि ते माझे नव्हते.

"झालं?" मी विचारले.

"अजून एक. अर्जलेखक विहिरीपासून वीस हात दूर उभे राहतील आणि विचारल्याशिवाय बोलणार नाहीत."

तेही मी टंकले. ठळक दिसावे म्हणून खाली रेघही ओढली.

या वेळी सही करण्यापूर्वी त्यांनी कागद वाचला आणि मोठ्याने वाचून दाखविला. जुनी पत्रे तिघांनी परत दिली. मग मी वीस हातांवर उभा राहून, तोंड मिटून, जे पाहिले ते असे. लेलेबाई सुटलेल्या दगडांना पाय न लावता, पायऱ्या उतराव्यात तशा भिंतीवरून उतरल्या. मग खालून "बांधला!" असा आवाज आला. निंबाळकरांचा हात खाली आला आणि पंप सुरू झाला. पाणी पाच-सहा बोटे उतरले असेल, तोच कुलकर्णींनी नळीतून पडणारे पाणी ओंजळीत धरून पाहिले आणि ओरडले, "थांबा! गढूळ येतंय. बांधणीमागची माती धुपतेय." पंप थांबला. इतका वेळ पत्राचा कोपराही न सोडणारा हा माणूस ओंजळभर पाण्यात विहिरीच्या पोटातले पाहत होता. पंप अर्ध्या वेगाने पुन्हा सुरू झाला, पाणी स्वच्छ झाले. मग बाबूराव. त्यांनी क्रेनच्या दांड्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "तार कुरकुरली की वझं आलं," असे पुटपुटत त्यांनी तो अजस्र पंप एक वीत उचलला. मोजली असती तर सूतभरही जास्त भरली नसती.

"निघाला!" लेलेबाई ओरडल्या, आणि आतापर्यंत इतकी नेमस्त राहिलेली ती बाई खाली पाण्यात खदखदून हसू लागली. वर बाबूराव कुलकर्णींच्या गळ्यात पडले. सरकारी माणूस क्षणभर ताठ राहिला आणि मग त्यानेही मिठी मारली. सोपानरावांनी चहाचे भांडे माझ्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "प्या. बोलायचं न्हाई असं लिवलंय, प्यायचं न्हाई असं न्हाई लिवल्यालं."

मिस्त्री वर आले. पाय वाचला, दोन बोटे गेली. ती दोन बोटे माझ्या नावावर आहेत. माझ्या कागदाला त्या दिवसाची तारीख हवी होती, म्हणून ती गेली. मी हे त्यांना दवाखान्यात सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आता मला अर्ज नका करू. बसा."

पण चार महिन्यांनी अर्ज लिहून घ्यायला तेच माझ्या स्टुलावर आले. "बायको विहिरीत उतरू देत नाही. सोपानरावांनी बांधणी नवी केली, गर्डर नवे टाकले, आता पंप बसवायला मला बोलावतायत. मी नाही उतरलो तर पुन्हा कधीच नाही उतरणार, मला माहीत आहे. घरी माझं ऐकत नाहीत. तुम्ही लिहा."

मी लिहिले. आम्ही दोघे तो कागद घेऊन त्यांच्या बायकोपुढे, जैतूनभाभींपुढे, उभे राहिलो. भाभी भाजी निवडत होत्या. "वाचा," त्या म्हणाल्या. मी वाचले: इस्माईल मिस्त्री यांना विहिरीत उतरण्याची परवानगी मिळावी.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "वर कोण असणार, ते लिहिलं नाही. दोर कुणाचा, ते लिहिलं नाही. साहेब, तुम्ही इतकं लिहिता, आणि कामाचं तेवढं राहतं कसं?"

"शेरा सांगा, भाभी. लिहून घेतो."

त्यांनी हातातली भाजी खाली ठेवली. "लिहा. नवा दोर. काठावर एकच माणूस बोलेल. ते तुम्ही. आणि यांच्या आधी तुम्ही स्वतः खाली उतरून यायचं. मग मंजूर."

त्या हुकुमावर अपील नव्हते. पुढच्या आठवड्यात, कमरेला नवा दोर बांधून, चष्मा खिशात ठेवून, मी सोपानरावांच्या विहिरीत उतरलो. त्या टप्प्यावर पाय टेकवून वर पाहिले, तर ताटाएवढे आभाळ आणि कडेने चार-पाच डोकी. सगळी मला एकाच वेळी सूचना देत होती. डावीकडं, उजवीकडं, वर बघा, खाली बघा असेच काही असावे. मला एक शब्दही कळत नव्हता. आवाज भिंतींवर आदळत, एकमेकांत मिसळत, नुसता घुमत होता.

वर आल्यावर मी मिस्त्रींना बाजूला घेतले. "त्या दिवशी आम्ही इतके ओरडत होतो, तुम्ही इतकी उत्तरं देत होता. तुम्हाला ऐकू येत होतं तरी काय?"

"काहीच नाही," मिस्त्री म्हणाले. "मी उत्तरं नव्हतो देत. मी आपला एकटाच बोलत होतो. गप्प बसलो असतो, तर रडलो असतो."

त्यांनी दोराची गाठ दोनदा ओढून पाहिली, काठावर बसले आणि पाय आत सोडले. डावा पाय दगडावर टेकताना थरथरला. सोपानराव काहीतरी सांगायला पुढे आले, त्यांना मी हाताने थांबविले. दोर धरलेले गडी गप्प झाले. मिस्त्री मान वळवून माझ्याकडे पाहत होते.

सांगण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते. मी दोर तपासला, गर्डर पाहिले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि म्हणालो, "उतरा."